तक्रार कोणाकडे, कशी आणि कोणत्या भाषेत?

वाचकाचे पत्र: मी निवृत्त शिक्षिका आहे. बेळगाव तालुक्यातील एका वाढीव वसाहतीत आम्ही घर बांधून बारा वर्षे झाली. गल्लीच्या कोपऱ्यावरचा ड्रेनेजचा चेंबर पावसाळाभर तुंबतो आणि घाण पाणी दारापर्यंत येते. गेल्या वर्षी गल्लीतील लोकांनी वर्गणी काढून एका माणसाला आत उतरवून तो साफ करून घेतला. चार पथदीप बंद आहेत. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लोक कचरा टाकतात आणि रात्री तो कोणीतरी पेटवतो. भटकी कुत्री वाढली आहेत. लग्नसराईत जवळच्या मंगल कार्यालयाचा ध्वनिक्षेपक मध्यरात्रीपर्यंत चालू असतो. या सगळ्याचे दोन पानी मराठी निवेदन मी आमदारांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सहा जणांना दिले. एका खिडकीवर ‘कन्नडमध्ये लिहून आणा’ असे सांगण्यात आले. मला कन्नड बोलता येते, लिहिता येत नाही. कोणाचेच उत्तर आलेले नाही. मुलगा म्हणतो, व्हिडिओ काढून टाक. शेजारी म्हणतात, कशाला वैर घेता. मी काय करावे?

उत्तर:

निवेदनाची प्रत तुम्ही पत्रासोबत जोडली हे बरे केले, कारण उत्तर न येण्याचे निम्मे कारण त्या दोन पानांतच सापडते. त्यात सहा तक्रारी आहेत आणि त्यांच्या निवारणाची जबाबदारी किमान चार निरनिराळ्या कार्यालयांकडे जाते. असा कागद ज्याच्या टेबलावर येतो, त्याला त्यातील एक परिच्छेद आपला वाटतो आणि उरलेले पाच दुसऱ्याचे. मग तो ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून संपूर्ण कागदच पुढे सरकवतो आणि आपल्या वाट्याचा परिच्छेदही त्याच्याबरोबर निघून जातो. शिवाय खाली सहा जणांच्या नावे ‘प्रत माहितीसाठी’ असे लिहिलेले असल्यामुळे प्रत्येकाला उरलेल्या पाचांपैकी कोणीतरी लक्ष घालील असे मानण्याची सोय होते. तुमची भाषा उत्तम आहे, त्रासाचे वर्णनही यथातथ्य आहे. परंतु त्या निवेदनातून कोणा एका कर्मचाऱ्याला उद्या सकाळी कोठे जाऊन काय करायचे आहे, हे कळत नाही. म्हणून सहा तक्रारींचे सहा अर्ज करावेत, प्रत्येक अर्ज एका पानापेक्षा मोठा नसावा आणि तो एकाच अधिकाऱ्याच्या नावे असावा.

आता कोणाच्या नावे, हा प्रश्न. आपल्या भागात तो वरवर दिसतो तितका सोपा नाही. बेळगाव महानगरपालिकेचे ५८ प्रभाग आहेत. पण शहर त्या रेषेपाशी थांबत नाही. हिंडलगा किंवा कंग्राळीच्या बाजूला घर असेल, तर पत्ता बेळगावचा असला तरी गटार ग्रामपंचायतीचे असते आणि अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना सगळे ‘पीडीओ’ म्हणतात त्यांच्याकडे, जातो. मच्छे आणि पिरनवाडी येथे आता नगरपंचायती आहेत. कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड आहे. कायदेही निरनिराळे आहेत: महानगरपालिकेला १९७६ चा कर्नाटक महानगरपालिका कायदा लागू आहे, निपाणी किंवा खानापूरसारख्या ठिकाणी १९६४ चा नगरपालिका कायदा चालतो आणि खेड्यांसाठी १९९३ चा पंचायत कायदा आहे. तुम्ही हे कायदे पाठ करण्याची गरज नाही. आपण कोणत्या हद्दीत राहतो, एवढे मात्र निश्चित माहीत असले पाहिजे. घरपट्टीच्या पावतीवर जिचे नाव असते ती संस्था, असे ढोबळ उत्तर देता येते.

हे उत्तर ढोबळ म्हणण्याचे कारण तुमच्या पत्रातील ‘वाढीव वसाहत’ या शब्दांत आहे. नवीन वसाहत, मग ती नगरविकास प्राधिकरणाने म्हणजे ‘बुडा’ने पाडलेली असो किंवा खासगी विकसकाने, रस्ते, गटारे, दिवे आणि उद्यानाची जागा यांसह रीतसर हस्तांतरित व्हावी लागते. तसे हस्तांतरण झालेले नसेल तर घरपट्टी स्थानिक संस्था घेते, पण चेंबर साफ करण्याची वेळ आली की ‘तुमचा लेआऊट अजून आमच्या ताब्यात नाही’ असे उत्तर मिळते. विकसक तर प्लॉट विकून केव्हाच मोकळा झालेला असतो. असे रहिवासी वर्षानुवर्षे चुकीच्या दारावर थाप मारत राहतात, आणि त्यांना ते दार चुकीचे आहे हेही कोणी सांगत नाही. तेव्हा बाकी काही करण्यापूर्वी एक अर्ज केवळ एवढेच विचारण्यासाठी करावा: आमची वसाहत हस्तांतरित झाली आहे काय, झाली असल्यास कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशाने? तुमच्या खरेदीखतात लेआऊट मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक असण्याची शक्यता आहे. तो अर्जात उतरवावा. हस्तांतरण झालेले नसल्याचे लेखी उत्तर आले, तर तो कागद जपून ठेवावा, कारण पुढचा अर्ज प्राधिकरणाकडे करताना तोच तुमचा मुख्य पुरावा ठरेल.

पथदिव्यांचे तुलनेने सरळ आहे. दिवा स्थानिक संस्थेचा आणि वीज हेस्कॉम या वीज वितरण कंपनीची. खांब कललेला असेल, तार लोंबकळत असेल किंवा ठिणग्या पडत असतील तर १९१२ या क्रमांकावर तत्काळ हेस्कॉमला कळवावे; केवळ दिवा लागत नसेल तर पालिकेच्या विद्युत विभागाला. तुमचे चार दिवे सलग आहेत की विखुरलेले, हे मूळ निवेदनात नाही आणि ते अर्जात अवश्य लिहावे, कारण सलग चार दिवे एकदम गेले असतील तर दोष बहुधा दिव्यांत नसून वाहिनीत किंवा स्विचमध्ये असतो आणि नुसते दिवे बदलण्यासाठी आलेला माणूस हात हलवत परत जातो. खांबांवर रंगवलेले क्रमांक असतात, ते टिपून घ्यावेत. जाता जाता हेही सांगून ठेवतो की तुमच्या वसाहतीजवळून पुणे-बंगळूर महामार्ग जात असेल, तर त्याच्या सेवारस्त्यावरील खड्ड्यासाठी पालिकेला लिहून उपयोग नाही. त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांक आहे.

अर्ज कसा लिहावा, याचा एक नमुना देतो. ‘विषय: तुंबलेला ड्रेनेज चेंबर यंत्राने साफ करण्याबाबत. वरील वसाहतीच्या दुसऱ्या आडव्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीकडून येताना डाव्या हाताच्या तिसऱ्या घरासमोर असलेला चेंबर दि. अमुकपासून भरून वाहत आहे. सांडपाणी सुमारे चाळीस फूट रस्त्यावर पसरते आणि दोन घरांच्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत पोहोचते. या चेंबरबाबत यापूर्वी दि. अमुक रोजी कळवले होते. तो जेटिंग यंत्राने साफ करून पुढील वाहिनी कोठे अडली आहे याची तपासणी करावी आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.’ एवढे पुरे. यात संताप नाही, ‘कर भरूनही’ नाही, निवडणुकीचा उल्लेख नाही. संताप अयोग्य असतो असे मला म्हणायचे नाही; परंतु अर्जातील प्रत्येक रागाचे वाक्य जागेच्या, तारखेच्या किंवा मागणीच्या एखाद्या वाक्याची जागा अडवते. दिवसाउजेडी काढलेली दोन छायाचित्रे जोडावीत: एक चेंबरचे जवळून आणि दुसरे थोडे लांबून, ज्यात एखादे ओळखीचे घर किंवा खांब दिसेल. लोक नेमके हे दुसरे छायाचित्र विसरतात आणि मग घाण पाण्याचे ते चित्र कोणत्याही गल्लीतले असू शकते.

नमुन्यात ‘यंत्राने’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, आणि येथे तुमच्या पत्रातील एका वाक्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. गेल्या वर्षी वर्गणी काढून ज्या माणसाला तुम्ही चेंबरमध्ये उतरवले, तो सुखरूप वर आला हे त्याचे आणि तुमच्या गल्लीचे नशीब. तुंबलेल्या वाहिनीत साठलेला हायड्रोजन सल्फाइड वायू काही क्षणांत शुद्ध हरपवतो. वाचवण्यासाठी उतरलेला दुसरा माणूसही दगावतो, अशा घटना देशात वारंवार घडल्या आहेत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी केली असून पहिल्या अपराधालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ही बंदी पालिकेपुरती नाही. काम करवून घेणाऱ्या खासगी व्यक्तीलाही ती लागू आहे. पालिका येत नाही म्हणून आम्ही काय करणार, हा युक्तिवाद मला समजतो, पण तो मान्य करता येत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर तीच वर्गणी सकिंग मशीनच्या गाडीच्या भाड्यासाठी वापरावी, आणि पालिकेचा सफाई कामगार आला तरी त्याला ‘जरा आत उतरून बघ’ असे गल्लीतील कोणीही म्हणू नये.

भाषेचा प्रश्न तुम्ही संकोचाने, जवळजवळ शेवटी मांडला आहे. सीमाभागातील अनेक मराठी कुटुंबांत अर्जाचे काम तेथेच अडते, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. बेळगावात मराठी वापरात आहे, हे कोणी नाकारू शकत नाही. म्हणजे मराठी अर्ज खिडकीवरून परत करणे योग्य नव्हते आणि तुम्ही तो परत आणायला नको होता. दुसऱ्या बाजूने, राज्याच्या कायद्याप्रमाणे तेथील कार्यालयांचा कारभार कन्नडमध्ये चालतो, आणि कलम ३५० तुम्हाला निवेदन देण्याचा हक्क देते; ते वाचणाऱ्याला मराठी यावी, अशी व्यवस्था मात्र ते करत नाही. ज्या कनिष्ठ अभियंत्याने येऊन चेंबर पाहायचा, तो हुबळीहून किंवा विजयपूरहून बदलून आलेला असू शकतो, आणि अर्ज वाचता न आल्यामुळे तो त्याच्या कागदांच्या तळाशी राहिला तर त्यात द्वेष असलाच पाहिजे असे नाही.

म्हणून माझा सल्ला असा की अर्ज मराठीत लिहावा, सही मराठीतच करावी आणि मागच्या बाजूला किंवा खाली त्याचा कन्नड अनुवाद जोडावा. तुमच्या नातवंडांपैकी कोणी शाळेत कन्नड शिकत असेल, शेजारी कोणी कन्नड भाषक निवृत्त कर्मचारी असेल, तर एका पानाचा अनुवाद हे अर्ध्या तासाचे काम आहे. आणि त्या शेजाऱ्याचे नळ, गटार आणि दिवे तुमच्याच वाहिनीवर असल्यामुळे तो हे काम उपकार म्हणूनही करणार नाही. खाली दोन्ही भाषकांच्या सह्या असतील तर आणखी चांगले. काही जणांना असा कन्नड अनुवाद जोडणे म्हणजे माघार वाटेल, हे मला ठाऊक आहे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला असून तो त्याच्या गतीने चालेल. चेंबर मात्र येत्या पावसाळ्यात पुन्हा भरणार आहे. हक्क म्हणून मराठी आणि सोय म्हणून कन्नड, अशी विभागणी करण्यात मला तरी कोणताही कमीपणा दिसत नाही. खिडकीवर पुन्हा अडवणूक झाली तर वाद घालू नये. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा. टपालाने आलेला कागद भाषेच्या कारणावरून परत पाठवणे कारकुनाला सोपे नसते.

अर्ज हाताने दिला तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ या वाक्याला नम्रपणे नकार द्यावा. ज्या अर्जाला आवक क्रमांक नाही, तो कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो, आणि तुमची सहाही निवेदने नेमकी अशीच क्रमांकाविना दिलेली आहेत. कर्नाटक शासनाची ‘जनस्पंदन’ नावाची एकत्रित तक्रार व्यवस्था आहे. तिचा दूरध्वनी क्रमांक १९०२ असून नोंद केल्यावर तक्रार क्रमांक मिळतो. कागदी अर्जासोबत तेथेही नोंद करावी आणि तो क्रमांक अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवावा. एका वहीत प्रत्येक तक्रारीला एक पान द्यावे: कधी, कोणाला, कोणता क्रमांक, कोण येऊन गेले, काय म्हणाले. आलेला कर्मचारी ‘काम झाले’ असे नोंदवून गेला आणि प्रत्यक्षात झाले नसेल, तर त्याच आठवड्यात जुना क्रमांक घालून पुन्हा कळवावे. नाही तर दप्तरी ती तक्रार निकाली निघालेली राहते.

पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर स्मरणपत्र द्यावे, आणि त्याच वेळी नगरसेवकांना किंवा पंचायत सदस्यांना भेटावे. आपल्याकडे लोक उलटे करतात: आधी नगरसेवक, मग कधीतरी कागद. हाती आवक क्रमांक असलेला मतदार त्यांच्याकडे गेला की तेही अधिकाऱ्याला नेमके काय विचारायचे ते विचारू शकतात. आणखी महिनाभर काही झाले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. येथे भाषेचा एक फरक ध्यानात ठेवावा: २००५ च्या या कायद्याखालील अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये, करावा लागतो. त्यामुळे कन्नड लिहिता न येणाऱ्या मराठी माणसाने तो सरळ हिंदीत लिहावा. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो सहसा दीडशे शब्दांच्या आत असावा. शिक्षिकेला हे बंधन जाचक वाटू नये. ‘काम का केले नाही’ असे विचारू नये, कारण कायद्याने जे दप्तरात आहे तेच मिळते. विचारावे ते असे: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा लिहिला, त्याची प्रत द्यावी, या रस्त्याचे काम कोणत्या ठेकेदाराने केव्हा पूर्ण केले आणि त्याची दोषदायित्वाची मुदत कधी संपते. या शेवटच्या प्रश्नाचा परिणाम पुष्कळदा उत्तर येण्यापूर्वीच रस्त्यावर दिसू लागतो, कारण मुदत शिल्लक असेल तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराने करायचा असतो आणि हे रहिवाशांना कळू नये यातच काहींचा लाभ असतो.

आतापर्यंत जे सांगितले ते देखभालीच्या तक्रारींबद्दल. मोकळा प्लॉट आणि ध्वनिक्षेपक यांची जात निराळी आहे, कारण तेथे त्रास देणारी कोणी व्यक्ती आहे आणि पालिकेने किंवा पोलिसांनी तिला आवरायचे आहे. प्लॉट खासगी असेल तर त्याच्या मालकाला नोटीस देऊन तो साफ करायला लावण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला आहे. अर्जात प्लॉटचा क्रमांक द्यावा, मालकाचा शोध घेणे हे त्यांचे काम. कचरा उघड्यावर जाळणे हा वेगळा आणि अधिक गंभीर प्रकार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साध्या जाळण्यासाठी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळण्यासाठी पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली होती. परंतु पेटवणारा गल्लीतलाच कोणी असेल, आणि बहुधा तसाच तो असतो, तर आरोग्य निरीक्षकाला कळवण्यापूर्वी एकदा त्याच्याशी दिवसा, चारचौघांत नव्हे तर एकट्याने, बोलावे. कित्येकदा घंटागाडी ज्या वेळेला येते त्या वेळी तो घरी नसतो, एवढेच कारण निघते; मग अर्ज गाडीची वेळ बदलण्यासाठी करावा लागतो.

मंगल कार्यालयाच्या बाबतीत नियम निःसंदिग्ध आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण खासगी लग्नाच्या वरातीसाठी ती नसते. आवाज चालू असतानाच ११२ वर फोन करावा, दुसऱ्या दिवशी नव्हे. आणि सीझन सुरू होण्यापूर्वी पोलीस ठाण्यात एक लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी, कारण पोलिसांनी व्यवस्थापकाला आधीच समज दिलेली असली तर ऐन रात्री फोन करण्याचा प्रसंग कमी येतो. कुत्र्यांबद्दल थोडक्यात: ‘उचलून दूर सोडा’ ही मागणी सर्वसाधारणपणे नियमांत बसत नाही, कारण २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्यांना त्याच भागात परत सोडायचे असते. मागणी नसबंदी आणि लसीकरणाची करावी. चावरे किंवा पिसाळल्यासारखे दिसणारे कुत्रे असेल तर ते स्वतंत्रपणे आणि लगेच कळवावे.

हे सर्व करूनही चेंबर वाहतच राहिला, तर आणखी एक दार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती, आणि तिच्याच आधारे मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली होती. नगरपालिका ‘पैसे नाहीत’ असे सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने तो बचाव फेटाळला गेला: मूलभूत स्वच्छता राखण्याच्या कर्तव्यातून आर्थिक अडचणीच्या सबबीवर सुटता येत नाही. या मार्गाला वकिलाची मदत घ्यावी, आणि त्याच्याकडे जाताना वही, पोच असलेल्या प्रती आणि स्मरणपत्रे घेऊन जावीत. त्यांच्यावाचून या मार्गाने जाऊ नये.

मुलाच्या व्हिडिओबद्दल माझे मत अगदीच प्रतिकूल नाही. त्याने काही वेळा दोन दिवसांत काम होते. पण ते त्या जागेपुरते आणि त्या वेळेपुरते होते, आणि दप्तरात त्याची नोंद राहत नाही. आधी आवक क्रमांक मिळवावा, आणि मग व्हिडिओ टाकायचाच असेल तर तो क्रमांक आणि तारीख त्यात दाखवावी. कचरा उचलणाऱ्या कामगाराचा चेहरा त्यात येता कामा नये. तुमच्या तक्रारीचा रोख त्याच्यावर नाही, आणि कारवाई मात्र सर्वांत आधी त्याच्यावर होते.

वैर घेण्याविषयी शेजारी जे म्हणतात, त्यात तथ्य नाही असे नाही. प्लॉटवर कचरा कोण टाकतो हे तुम्हालाही ठाऊक असावे आणि त्यांनाही. पण दिवे आणि चेंबर यांच्या अर्जांवर सही करण्यात कोणाशीही वैर नाही. म्हणून प्रारंभ त्या दोनांपासून करावा, प्रत्येक अर्जावर पाच-सहा घरांच्या सह्या घ्याव्यात आणि खिडकीवर दर वेळी तुम्ही एकट्याच जाऊ नये. दिवे लागले की प्लॉटच्या अर्जावर सही मागणे सोपे होईल. गल्लीतील गणेशोत्सव मंडळाची मुले या कामी उपयोगी पडतील. विसर्जन मार्गावरील खड्ड्यांची निवेदने देण्याचा त्यांना सराव आहे आणि कोणते अधिकारी कोठे बसतात, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक माहीत असते.

काळवेळेचेही पाहावे. गटार आणि नाले उपसण्याची कामे वळिवाच्या सुमारास निघतात, तेव्हा चेंबरचा अर्ज मार्चअखेर कार्यालयात असला पाहिजे. जूनमध्ये दिलेला अर्ज शेकडो अर्जांत जातो. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधील राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन साधारणपणे डिसेंबरात असते आणि त्याच्या आधीचे काही आठवडे अधिकारी वर्ग रस्ते, दिवे आणि कचरा यांच्या बाबतीत नेहमीपेक्षा जागरूक असतो. पथदिव्यांच्या स्मरणपत्राला नोव्हेंबर उत्तम. तुमच्या चेंबरची वाहिनीच वसाहतीच्या वाढीच्या मानाने लहान पडत असेल, तर मात्र कितीही वेळा साफ करून उपयोग नाही. मग मागणी मोठ्या व्यासाच्या नव्या वाहिनीची करावी लागेल, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते. तुमचा अर्ज त्यापूर्वी, डिसेंबरअखेर, कार्यालयात पोहोचलेला असावा आणि त्याची एक प्रत नगरसेवकांच्या हाती पोच घेऊन द्यावी.